उच्च रक्तदाबात अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची तपासणी नीट कशी करून घ्यावी

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी रक्तनमुने घेण्याचे आणि तपासण्याचे काम करतो. आमच्याकडे येणाऱ्या बीपीच्या रुग्णांपैकी बहुतेकांचे रक्त साखर, क्रिएटिनिन आणि कोलेस्टेरॉल यांसाठी घेतले जाते. अलीकडे मात्र मोठ्या रुग्णालयातून ‘अल्डोस्टेरॉन व रेनिन’ असे लिहिलेली चिठ्ठी घेऊन येणारे लोकही दिसू लागले आहेत. साखरेसाठी पोट उपाशी असले की बहुतेक काम भागते, पण या दोन हार्मोनचे तसे नाही. रुग्ण सकाळी किती वाजता उठला, आठवडाभर जेवणात मीठ किती होते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, रक्त काढल्यावर नळी बर्फावर ठेवली की टेबलावर, अशा प्रत्येक गोष्टीने त्यांचे आकडे हलतात. ही माहिती आकड्याशेजारी लिहिलेली नसेल, तर तोच आकडा डॉक्टरांची वाट चुकवू शकतो. म्हणून रुग्णांसाठी, त्यांच्या घरच्या मंडळींसाठी आणि त्यांना तालुक्याला घेऊन येणाऱ्या आशाताईंसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

तपासणी कशाची असते

अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले किंवा दाब घसरला, की मूत्रपिंड रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडते. रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते आणि त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे हार्मोन स्रवतात. अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. शेतात घाम गाळणाऱ्या माणसाचे शरीर याच व्यवस्थेवर तग धरते. काही लोकांत मात्र अधिवृक्क ग्रंथी रेनिनच्या आदेशाची वाट न पाहता आपणहून अल्डोस्टेरॉन तयार करत राहते. या आजाराला ‘प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम’ म्हणतात. मीठ साचते, दाब चढतो आणि मीठ पुरेसे झाले हे ओळखून मूत्रपिंड रेनिन जवळजवळ बंद करते. अशा रुग्णाच्या रक्तात अल्डोस्टेरॉन जास्त आणि रेनिन फार कमी सापडते. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी काढलेल्या रक्तातून मोजावी लागतात. नुसत्या अल्डोस्टेरॉनच्या आकड्यावरून निदान होत नाही.

रेनिनचा शोध १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेड आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडावर काम करताना लावला. अल्डोस्टेरॉन वेगळे काढता आले ते १९५३ मध्ये, आणि त्यानंतर लगेचच, १९५५ मध्ये, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे जेरोम कॉन यांनी या आजाराचे वर्णन केले. त्यांची रुग्ण ३४ वर्षांची स्त्री होती. तिचे स्नायू दुबळे झाले होते, अंगात वांब येत आणि रक्तातले पोटॅशियम घसरलेले होते. त्या वर्णनामुळे पुष्कळ काळ हा आजार दुर्मीळ मानला गेला आणि पोटॅशियम कमी असेल तरच त्याचा विचार होत राहिला. आता माहीत आहे की उच्च रक्तदाबाच्या दर १०० रुग्णांत साधारण ५ ते १० जणांना, आणि तीन औषधांनाही दाद न देणाऱ्या रक्तदाबात १०० पैकी सुमारे २० जणांना तो असतो. त्यांतल्या बहुतेकांचे पोटॅशियम नेहमीच्या मर्यादेतच असते. बीपीचा आकडा सारखाच असला तरी साध्या उच्च रक्तदाबापेक्षा या आजारात पक्षाघात आणि हृदयाचे ठोके अनियमित होणे यांचा धोका जास्त असतो. त्याला नेमके औषध आहे आणि काहींत शस्त्रक्रियाही, म्हणून तो शोधून काढण्यासारखा आहे.

कोणी डॉक्टरांकडे विषय काढावा

अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०१६ मध्ये काही गट सांगितले होते: वेगवेगळ्या दिवशी तीनदा मोजूनही बीपी १५०/१०० च्या वर असणारे, लघवीची गोळी धरून तीन औषधे घेऊनही १४०/९० च्या खाली न येणारे, चार औषधांनंतर कसाबसा ताबा आलेले, पोटॅशियम कमी असणारे, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये अधिवृक्क ग्रंथीवर गाठ दिसलेले, झोपेत घोरताना श्वास अडकणारे, आणि ज्यांच्या घरात चाळिशीच्या आत कोणाला पक्षाघात झाला आहे किंवा आई-वडील, भावंडांत हाच आजार आढळला आहे असे लोक. त्याच संस्थेने २०२५ मध्ये पुढे जाऊन उच्च रक्तदाबाच्या प्रत्येकाची ही तपासणी व्हावी अशी सूचना केली आहे. आपल्या भागात ही तपासणी गावात होत नाही आणि तिला पैसे लागतात, हे पाहता वरील गटांतल्या लोकांनी आधी पुढे यावे असे माझे मत आहे. बीपीसोबत पोटऱ्यांत गोळे येणे, जिना किंवा धुरा चढताना मांड्यांत बळ नसणे, रात्रीतून तीन-चार वेळा लघवीला उठणे, ही लक्षणे असतील तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. पुष्कळ लोक ती वयावर किंवा कामावर ढकलून सोडून देतात.

त्याआधी बीपी खरोखरच चढलेले आहे का, हे पक्के करावे. खुर्चीवर पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे, लघवी करून यावे, आधीच्या अर्ध्या तासात खर्रा, विडी किंवा चहा घेतलेला नसावा आणि दंडावरचा पट्टा हृदयाच्या उंचीला असावा. उपकेंद्रात रांगेतून थेट उठून, तोंडात खर्रा असताना घेतलेला आकडा खरा धरू नये. आणि गोळ्या खरोखर रोज घेतल्या जातात का, हेही घरच्यांनी पाहावे. पेरणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत आठवड्यातून दोन-तीन दिवस गोळी चुकते आणि मग औषध लागू पडत नाही असे वाटते. त्या अवस्थेत हार्मोनची तपासणी करण्यात अर्थ नाही.

चालू औषधांचे काय करावे

सर्वांत जास्त तपासण्या इथे बिघडतात, म्हणून याबद्दल जरा विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट, कोणतीही बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर गोळी आणि त्याहून जास्त क्लोनिडिन एकदम थांबवली तर दाब आणि नाडी उसळून जिवावर बेतू शकते. गोळी बदलायची, थांबवायची की तशीच ठेवून रक्त द्यायचे, हे डॉक्टरांनी ठरवायचे. पुष्कळदा पहिली तपासणी चालू औषधांवरच केली जाते आणि औषधाचा परिणाम लक्षात घेऊन अहवाल वाचला जातो.

तो परिणाम असा असतो. बीटा-ब्लॉकर रेनिन खाली आणतात, त्यामुळे आजार नसताना तो असल्यासारखे दिसू शकते. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल ही औषधे, तसेच क्लोरथॅलिडोनसारख्या लघवीच्या गोळ्या रेनिन वर नेतात, त्यामुळे असलेला आजार झाकला जातो. उलट, टेल्मिसार्टन चालू असतानाही रेनिन तळाशीच राहिले तर संशय अधिक बळावतो, म्हणून ती गोळी चालू असल्याचे लिहिणे फार मोलाचे असते. अम्लोडिपिनचा परिणाम त्या मानाने थोडा आहे. व्हेरापामिल, प्राझोसिन, डॉक्साझोसिन आणि हायड्रालाझिन यांचा सर्वांत कमी असल्यामुळे औषध बदलायची वेळ आली तर डॉक्टर बहुधा यांपैकी काही देतात. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन आणि अमायलोराइड थांबवायची ठरली तर किमान चार आठवडे आधी थांबवावी लागतात. बाकीच्यांना साधारण दोन आठवडे पुरतात.

बीपीची नसलेली औषधे कोणी सांगत नाही, आणि तीच घात करतात. एका डिसेंबरच्या सकाळी एक काकू चिठ्ठी घेऊन आल्या. कापडी पिशवीतून त्यांनी बीपीच्या तीन पाकिटांची रांग टेबलावर नीट मांडली. मी नावे लिहून घेतली आणि सवयीने विचारले, “काकू, अंगदुखीसाठी काही घेता का?” त्या म्हणाल्या, “ते बीपीचं नाही ना भाऊ, कंबरेची गोळी हाय. कापूस येचाले जाचं असलं का सकाळी एक घेतो.” कमरेच्या खोचणीतून निघालेल्या कागदी पुडीत डायक्लोफेनॅकच्या गोळ्या होत्या, आणि वेचणी सुरू झाल्यापासून रोज एक पोटात जात होती. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके रेनिन दाबतात, मीठ धरून ठेवतात आणि बीपीही चढवतात. मी चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, नमुना त्या दिवशी घेतला नाही आणि त्यांच्या सांगण्यावरून काकूंना दोन आठवड्यांनी बोलावले. त्या दिवशी रक्त घेतले असते तर नळीतून चुकीचाच आकडा पुढे गेला असता.

खोकल्याच्या काढ्यात आणि चूर्णात असणाऱ्या ज्येष्ठमधाचीही अशीच चौकशी करावी. जास्त दिवस घेतलेल्या ज्येष्ठमधामुळे शरीरातले कॉर्टिसॉल हे हार्मोनच अल्डोस्टेरॉनसारखे काम करू लागते, बीपी वाढते, पोटॅशियम उतरते आणि रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही कमी दिसतात. स्त्रियांनी गर्भनिरोधक गोळ्या, पाळीची तारीख आणि गरोदरपणाची शक्यता सांगावी. ही माहिती खासगी वाटली तरी या तपासणीत ती मोजणीचाच भाग आहे, कारण या साऱ्यांनी रेनिन बदलते.

मीठ, पोटॅशियम आणि उन्हाळा

बीपीच्या रुग्णाला आपण वर्षभर मीठ कमी करा म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. या तपासणीपूर्वीचे काही दिवस मात्र नेहमीचे जेवण जेवावे, मीठ मुद्दाम तोडू नये, असे सांगावे लागते. कारण मीठ फार कमी झाले की रेनिन वाढते आणि आजार लपतो. याचा अर्थ ठेचा, लोणचे आणि सांडगे भरभरून खावेत असा नाही. बीपी फार चढलेले असेल किंवा हृदय अशक्त असेल तर मिठाबद्दल डॉक्टर सांगतील तेच करावे.

पोटॅशियम आधी तपासून घ्यावे आणि कमी असेल तर डॉक्टरांकडून भरून घ्यावे. ४ च्या आसपास आणण्याचा प्रयत्न असतो. पोटॅशियम कमी असताना ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडण्याचे प्रमाण कमी करते, आणि मग खरा आजार असूनही आकडा साधा दिसतो.

विदर्भातल्या उन्हाळ्याचा विचार कोणत्याही पुस्तकी सूचनेत सापडत नाही, पण तो करायला हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, माणूस घामाने मीठ आणि पाणी गमावतो आणि रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही वर जातात. तातडी नसेल तर मी रुग्णांना ही तपासणी पावसाळा लागल्यावर किंवा दिवाळीनंतर करण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायला सांगतो. जुलाब-उलट्या झाल्या असतील, ताप असेल किंवा कडक उपवास चालू असेल, तरी काही दिवस थांबावे.

नमुना देण्याचा दिवस

या तपासणीसाठी उपाशी असण्याची गरज नसते. रक्त सकाळी द्यायचे असते, आणि त्याआधी किमान दोन तास अंथरुणातून उठून चालणे-फिरणे झालेले असावे. पहाटे उठून, अंघोळ करून पहिल्या एसटीने येणाऱ्या खेड्यातल्या माणसाला हा नियम वेगळा पाळावा लागत नाही. मात्र आल्या आल्या दंड पुढे करू नये. बाकावर पाच ते पंधरा मिनिटे बसून राहावे आणि बसल्या स्थितीतच रक्त द्यावे. मूठ सारखी उघडझाप करू नये. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला किंवा मूठ दाबत राहिले तर पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो आणि कमी असलेले पोटॅशियम बरे दिसते. शीर सापडली की पट्टा सैल करून मग रक्त ओढावे, अशी विनंती रुग्णाने केली तर कोणत्याही तंत्रज्ञाने राग मानू नये.

आता तंत्रज्ञांसाठी. रेनिनचे रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घेतले जाते आणि ते प्लाझ्मा वेगळा होईपर्यंत बर्फावर किंवा फ्रीजमध्ये ठेवायचे नसते. थंडीत रक्तातले निष्क्रिय प्रोरेनिन रेनिनमध्ये बदलू लागते, रेनिनचा आकडा खोटा वाढतो आणि आजार झाकला जातो. ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका एप्रिलमध्ये ऊन पाहून, रक्त खराब होऊ नये या काळजीपोटी, मी नळी बर्फाच्या डब्यात ठेवली. अहवाल स्वच्छ आला. रुग्णाचे बीपी मात्र चार गोळ्यांवरही उतरत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी तपासणी पुन्हा सांगितली आणि दुसऱ्या वेळी नळी खोलीच्या तापमानाला ठेवल्यावर रेनिन फार कमी निघाले. मधले तीन महिने त्या माणसाचे वाया गेले, हे मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी नळी टेबलावर उभी ठेवतो, लवकर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो, प्लाझ्मा वेगळा करून मग लगेच गोठवतो आणि शनिवारी किंवा सणाच्या आदल्या दिवशी हा नमुना घेतच नाही, कारण नागपूरहून पुढे जाणारा डबा मध्येच दोन दिवस अडकून वितळू शकतो.

नमुन्याच्या फॉर्मवर किंवा केसपेपरच्या मागे उठल्याची वेळ, रक्त घेतल्याची वेळ, बसून घेतले हे, त्या दिवशीचे बीपी, सर्व औषधांची नावे व शेवटची गोळी कधी घेतली ते, आणि त्याच दिवशीचे पोटॅशियम लिहून घ्यावे. छापील फॉर्ममध्ये यासाठी जागा नसली तरी कोऱ्या जागेत लिहावे, आणि त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.

अहवाल हाती आल्यावर

अल्डोस्टेरॉनला रेनिनने भागून येणाऱ्या गुणोत्तरावरून पुढचा अंदाज बांधतात. अल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर आणि रेनिनची क्रियाशीलता नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटर प्रति तास अशा एककांत असेल, तर ३० ही बहुधा वापरली जाणारी मर्यादा आहे. काही ठिकाणी २० किंवा ४० धरतात. उदाहरणार्थ, अल्डोस्टेरॉन २२ आणि रेनिन ०.४ असेल तर गुणोत्तर ५५ येते आणि पुढे तपास करावा लागतो. पण अल्डोस्टेरॉन ४ आणि रेनिन ०.१ असेल तरी गुणोत्तर ४० येतेच. तिथे अल्डोस्टेरॉन मुळातच कमी आहे, गुणोत्तर फुगले ते केवळ रेनिन तळाला असल्यामुळे, आणि त्यावरून या आजाराचे निदान करत नाहीत. वाढते वय आणि मूत्रपिंडाचा जुना आजार यांतही रेनिन कमी राहते.

एककांकडे नीट पाहिल्याशिवाय दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवू नयेत. एकीकडे अल्डोस्टेरॉन १५ आणि दुसरीकडे १५० दिसले तर घाबरू नये. दुसरा आकडा पिकोग्रॅम प्रति मिलीलीटरमध्ये असेल तर दोन्ही एकच आहेत. तसेच काही प्रयोगशाळा रेनिनची क्रियाशीलता न मोजता थेट रेनिन मोजतात आणि तिथे, रेनिन मिलीयुनिट प्रति लीटरमध्ये असेल तर, मर्यादा ३० नसून साधारण ३.७ असते. आम्हा तंत्रज्ञांचे काम इथे संपते. गुणोत्तर पाहून ‘तुम्हाला आजार आहे’ किंवा ‘काही नाही’ असे खिडकीतून सांगू नये.

गुणोत्तर जास्त आले म्हणजे निदान झाले असेही नाही. वर्ध्याजवळचे सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरचे ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि एम्स अशा मोठ्या रुग्णालयांत मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवावे. बहुतेकांना खात्रीसाठी आणखी एक तपासणी लागते. तीत चार तासांत दोन लिटर सलाइन शिरेतून देऊन अल्डोस्टेरॉन खाली येते का ते पाहतात. ती रुग्णालयातच, डॉक्टरांच्या नजरेखाली करायची असते. हृदय अशक्त असणाऱ्यांत किंवा बीपी अतिशय चढलेले असताना ती करत नाहीत. त्यानंतर सीटी स्कॅन, आणि शस्त्रक्रियेचा विचार असेल तर कोणत्या बाजूची ग्रंथी जास्त स्रवते हे पाहण्यासाठी तिच्या शिरेतून रक्त घेण्याची तपासणी. ही मोजक्याच केंद्रांत होते. खर्चाच्या प्रश्नासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधीच भेटावे.

बीपीमागे इतरही हार्मोन असू शकतात. थायरॉइडसाठी टीएसएच सहज होते. अंगात झटक्याने घाम, धडधड आणि डोकेदुखी येत असेल तर मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या हार्मोनपासून बनणारी द्रव्ये) तपासतात आणि त्यासाठी रक्त आडवे पडून वीस-तीस मिनिटे विश्रांती घेतल्यावर देतात, म्हणजे अल्डोस्टेरॉनच्या अगदी उलट. दोन्ही चिठ्ठ्या एकाच दिवशी असतील तर हे तंत्रज्ञाला सांगावे. कॉर्टिसॉल जास्त असल्याचा संशय असेल तर रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची एक मिलीग्रॅम गोळी घेऊन सकाळी ८ वाजता रक्त द्यायचे असते. चेहरा गोल झालेला, पोटावर जांभळे पट्टे आणि बीपी चढलेले अशा माणसाला मात्र आधी सांधेदुखीच्या पुड्यांबद्दल विचारावे. नाव नसलेल्या त्या गोळ्यांत स्टेरॉइड असू शकते, आणि बाहेरून स्टेरॉइड घेणाऱ्याच्या रक्तात स्वतःचे कॉर्टिसॉल अनेकदा कमी सापडते. त्या पुड्याही एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांना दाखवून हळूहळू उतरवाव्या लागतात.

निदान पक्के झाले आणि दोष एकाच बाजूच्या ग्रंथीत असेल तर दुर्बिणीने ती काढता येते. उरलेली एक ग्रंथी शरीराला पुरते. त्यानंतर बहुतेकांचे बीपी सुधारते, मात्र साऱ्यांच्या गोळ्या सुटतातच असे नाही. दोन्ही बाजूंना दोष असेल तर स्पायरोनोलॅक्टोन देतात. ती सुरू झाल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील त्या तारखांना तपासायला यावेच लागते, कारण आता पोटॅशियम वाढण्याची भीती असते. याच कारणाने ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणारे पोटॅशियमयुक्त मीठ विचारल्याशिवाय वापरू नये. पुरुषांमध्ये या गोळीने छाती दुखू किंवा वाढू शकते. गावाकडचे काकाजी लाजेपोटी कोणाला न सांगता गोळी सोडून देतात आणि सहा महिन्यांनी बीपी पुन्हा चढून येतात. असे झाल्यास डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. मात्रा कमी करता येते किंवा तो त्रास क्वचितच देणारी एप्लेरेनोन ही दुसरी गोळी देता येते.